पोर्ट गेलाय की फर्मवेअर अडलंय? कम्युनिकेशन कंट्रोलरचा दोष शोधण्याची पद्धत

भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत पॅनेलच्या कोपऱ्यात एक छोटा डबा, म्हणजे कम्युनिकेशन कंट्रोलर, बसवलेला असतो. वर इथरनेटची वायर, खाली चार, आठ किंवा सोळा सीरियल पोर्ट. कुठे त्याला गेटवे म्हणतात, कुठे डेटा कॉन्सन्ट्रेटर, कुठे नुसतंच ‘कन्व्हर्टर’. त्याच्या आरएस-४८५ पोर्टांवर (एकाच लाइनवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) एनर्जी मीटर आणि मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह जोडलेले असतात, आरएस-२३२ पोर्टवर (एकाला एक जोडणी) एखादं जुनं सीएनसी मशीन किंवा वजनकाटा. हा डबा गप्प झाला की स्काडाच्या, म्हणजे कारखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी गोठतात. मग कोणीतरी एमसीबी पाडून पुन्हा चढवतं, नाहीतर ‘नवीन फर्मवेअर टाकून बघू’ असं ठरतं.

हे दोन्ही उपाय शेवटी करायचे आहेत. दोष तांब्यात (वायर आणि पोर्टमध्ये) आहे की कोडमध्ये (डब्यात भरलेल्या फर्मवेअर नावाच्या प्रोग्रॅममध्ये), हे त्याआधी पुराव्यानिशी ठरवता येतं आणि त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. एक चांगला मल्टिमीटर, आयसोलेटेड (दोन्ही बाजूंमध्ये थेट विद्युत जोड नसलेला) यूएसबी-४८५ कन्व्हर्टर, लॅपटॉप, १२० ओमचे चार रेझिस्टर आणि नऊ पिनी कनेक्टर एवढं पुरतं. रेझिस्टर आणि कनेक्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. कन्व्हर्टर मात्र आयसोलेटेडच घ्या. चार्जरवर लावलेला लॅपटॉप आणि मशीनचं अर्थिंग यांच्यातला फरक साध्या कन्व्हर्टरमधून वाहतो आणि तपासायला गेलेला पोर्टच जळतो.

पायरी १: बंद-चालू करण्याआधी नोंद

‘साहेब, बंद करून चालू केला, आता चालतंय,’ हे वाक्य मेंटेनन्समध्ये रोज ऐकू येतं. मशीन चालू झालं हे चांगलंच, पण रॅममधले एरर काउंटर शून्य झाले, अपटाइम शून्य झाला आणि अडकलेली प्रक्रिया कुठे अडकली होती ते कायमचं गेलं. आठवड्याने तोच दोष परत येतो तेव्हा हातात काहीच नसतं.

म्हणून पाच मिनिटं थांबा. आधी समोरच्या दिव्यांचा मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या. फोटो चालणार नाही, कारण दिवा लुकलुकतोय, स्थिर पेटलाय की विझलाय हेच तर पाहायचं असतं. टीएक्स (पाठवण्याचा दिवा) लुकलुकतोय आणि आरएक्स (ऐकण्याचा दिवा) मेलेला, म्हणजे डबा विचारतोय पण उत्तर येत नाही. दोन्ही विझलेले, म्हणजे डबा विचारतच नाही; इथे संशय आतल्या कोडकडे किंवा कॉन्फिगरेशनकडे वळतो. आरएक्स सतत पेटलेला, म्हणजे लाइनवर कोणीतरी ठाण मांडून बसलंय किंवा लाइनच्या ए आणि बी या दोन वायरी उलट्या आहेत.

मग वेब पान किंवा कन्सोल उघडत असेल तर अपटाइम, फर्मवेअरची आवृत्ती, हार्डवेअर रिव्हिजन, प्रत्येक पोर्टचे काउंटर आणि लॉग उतरवून घ्या. कॉन्फिगरेशनची फाइल निर्यात करा. वेब पान उघडत नसेल तर पिंग करून बघा: पिंगला उत्तर येतं पण पान उघडत नाही, हीसुद्धा एक नोंद आहे. त्यातून कळतं की नेटवर्कचा खालचा थर जिवंत आहे आणि वरचा कार्यक्रम अडकलाय.

लॉगमधल्या तारखेकडे लक्ष द्या. १ जानेवारी १९७०, सकाळचे साडेपाच अशी वेळ दिसली तर डब्याचं घड्याळ शून्यावरून सुरू झालंय. आतला नाण्याएवढा सेल संपला असेल आणि वेळ देणारा सर्व्हरही मिळाला नसेल. अशा लॉगवरून दोषाची वेळ ठरवू नका.

पायरी २: दोष कुठवर पसरलाय?

एकच मीटर गप्प असेल तर कंट्रोलरकडे जाऊच नका; मीटरचा पत्ता, बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) आणि त्याची टर्मिनल पट्टी बघा. एका पोर्टवरचे सगळे गप्प असतील तर तो पोर्ट किंवा त्याची लाइन. सगळे पोर्ट एकदम गेले तर पॉवर सप्लाय किंवा फर्मवेअर. आठ पोर्टांचे आठ ड्रायव्हर (लाइनवर सिग्नल पाठवणाऱ्या चिपा) एकाच क्षणी जळायला वीजच पडावी लागते, आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात पुण्याच्या आसपास तेही घडतं. पण त्यानंतर बंद-चालू करून काही सुधारत नाही. रीस्टार्टने बरं होणारं दुखणं बहुधा जळालेल्या चिपचं नसतं.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बहुतेक ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारचा लॉग आणि बुधवारचा लॉग शेजारी शेजारी ठेवा. मशीन बंद असताना एरर नाहीत आणि शिफ्ट सुरू होताच वाढतात, तर कारण ड्राइव्ह, वेल्डिंग किंवा अर्थिंगमधल्या गोंगाटात शोधा. गुरुवारीही त्याच वेगाने एरर येत असतील तर गोंगाटाला दोष देता येणार नाही. ही तुलना फुकट आहे आणि तरीही फार कमी लोक ती करतात.

पायरी ३: पोर्टला लाइनपासून तोडा

आरएस-२३२ पोर्टसाठी केबल काढा, पिन ५ च्या तुलनेत पिन ३ वरचा डीसी व्होल्टेज मोजा. पोर्ट निवांत असताना तिथे साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट हवेत. काही डब्यांवर पाठवायची पिन २ असते, म्हणून दोन्हींवर मोजा. दोन्हीकडे शून्याच्या आसपास आकडा आला तर ड्रायव्हर गेला. व्होल्टेज बरोबर असेल तर २ आणि ३ पिना जोडा, टर्मिनल प्रोग्रॅममधून अक्षरं टाइप करा. ती परत दिसली पाहिजेत. मग जोड काढून पुन्हा टाइप करा. आता दिसता कामा नयेत. अजूनही दिसत असतील तर तो लोकल एको आहे, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच अक्षरं दाखवतोय, आणि आधीची चाचणी बाद धरा. हार्डवेअर हँडशेक चालू असेल तर ७ आणि ८ सुद्धा जोडावे लागतात.

दोन वायरच्या आरएस-४८५ वर असा लूपबॅक बहुतेक वेळा होत नाही, कारण पाठवताना त्याचा रिसीव्हर बंद ठेवलेला असतो. तिथे शेजारचा चांगला पोर्ट वापरा: ए ला ए, बी ला बी, मध्ये १२० ओमचा एक रेझिस्टर, एका पोर्टवरून पाठवा आणि दुसऱ्यावर ऐका. मग दिशा उलटवा. ही उलटापालट टाळू नका. सर्जने (विजेच्या झटक्याने) अर्धवट मेलेली चिप ऐकू शकते पण बोलू शकत नाही, आणि एका दिशेच्या चाचणीत ती पास होते.

पोर्ट पास झाला तर लाइनकडे वळा. नापास झाला तर त्याच डब्याच्या चांगल्या पोर्टशी तुलना करा: पॉवर बंद करून, लाइन काढून, ए पासून कॉमनपर्यंत (पोर्टच्या शून्य व्होल्टच्या टर्मिनलपर्यंत) आणि बी पासून कॉमनपर्यंत रेझिस्टन्स मोजा. दोन पोर्टांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. चांगल्यावर हजारो ओम आणि संशयितावर दहा-वीस ओम, तर चिप आतून फुटली आहे. फर्मवेअरचा विषय तिथेच संपला.

पायरी ४: लाइन मोजा

माझ्या अनुभवात ‘कंट्रोलर हँग’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतली मोठी संख्या या पायरीवर सुटते, म्हणून इथे घाई नको.

सगळी उपकरणं बंद करून ए आणि बी मधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचे रेझिस्टर) असतील तर समांतर जोडणीमुळे ६० च्या आसपास आकडा येतो. लांब केबलमध्ये तांब्याच्या रोधामुळे थोडा जास्त. १२० आला तर एकच टर्मिनेटर आहे. ४० आला तर तीन आहेत, आणि हे फार वेळा घडतं, कारण नवीन मीटर बसवणारा माणूस त्यावरचा टर्मिनेशनचा स्विच चालू ठेवून जातो.

तिसऱ्या रेझिस्टरने काय बिघडतं? आरएस-४८५ च्या मानकानुसार ए-बी मधला फरक २०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर रिसीव्हरने एक वाचायचं की शून्य, याची खात्री नसते. कोणीच बोलत नसताना लाइन या पट्ट्याबाहेर राहावी म्हणून बायस रेझिस्टर लावतात. पाच व्होल्ट, वर ५६० ओम, खाली ५६० ओम आणि मध्ये ६० ओम असा हिशेब केला तर लाइनवर साधारण २५४ मिलिव्होल्ट मिळतात. मध्ये ४० ओम आले की तेच १७२ मिलिव्होल्ट होतात. आता दोन संदेशांच्या मधल्या शांततेत रिसीव्हर कचरा अक्षरं वाचू लागतो, प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला एखादा फालतू बाइट चिकटतो, सीआरसी (संदेश तपासायचा आकडा) चुकतो. नव्या चिपांमध्ये यावर उपाय केलेला असतो, म्हणून दहा मीटर ठीक चालतात आणि जुने दोन रुसतात. बघणाऱ्याला वाटतं की कंट्रोलरच ‘कधी चालतो, कधी नाही’.

तेव्हा पोलिंग (उपकरणांना पाळीपाळीने विचारणं) थांबवून ए-बी मधला निवांत व्होल्टेज मोजाच. २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हवा आणि चिन्ह सगळीकडे एकच हवं. चिन्ह तपासायचं कारण असं की ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. कोणाचा ए धन असतो तर कोणाचा बी. छापलेल्या अक्षरावर भरवसा न ठेवता मीटर सांगेल ते धरा.

यानंतर दोन्ही टोकांच्या जमिनीतला फरक. मानकात रिसीव्हरला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा कॉमन मोड, म्हणजे दोन्ही वायरींवर सारखाच येणारा व्होल्टेज, चालतो. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये केबल गेली असेल आणि दोन्हीकडे अर्थिंगचे खड्डे वेगळे असतील तर मोठी मोटर सुरू होताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मल्टिमीटर आधी डीसी आणि मग एसीवर ठेवून दूरच्या पॅनेलचं कॉमन आणि आपलं कॉमन यांच्यात मोजा. फरक दिसला तर तिसरी कॉमन वायर टाका किंवा मध्ये आयसोलेटेड रिपीटर बसवा. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

एवढं करूनही दोष सापडत नसेल तर केबल मधोमध तोडा. अर्ध्या लाइनच्या नव्या टोकाला १२० ओम लावून पोलिंग सुरू करा. चाललं तर दोष पुढच्या अर्ध्यात. तो अर्धा पुन्हा अर्धा करा. बत्तीस उपकरणांची लाइन असली तरी पाच वेळा तोडण्यात दोषी सापडतो.

पायरी ५: काउंटर काय सांगतात

पहिल्या पायरीत उतरवलेले आकडे आता वाचायचे. प्रत्येक सीरियल पोर्टच्या चिपमध्ये तीन प्रकारचे एरर पकडले जातात: फ्रेमिंग, पॅरिटी आणि ओव्हररन. पोर्ट आणि फर्मवेअर यांच्यातला निवाडा यांच्याइतका स्पष्ट दुसरं काहीच करत नाही.

फ्रेमिंग एरर म्हणजे अक्षराच्या शेवटी स्टॉप बिट अपेक्षित जागी मिळाला नाही. बॉड रेट चुकलाय, वायर उलट्या आहेत किंवा लाइनवर गोंगाट आहे. शंभर टक्के संदेशांवर येत असेल तर सेटिंग, अधूनमधून येत असेल तर गोंगाट. पॅरिटी (अक्षरातली चूक पकडणारा जादा बिट) एररचं वाचन असंच. मॉडबस या मीटरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेच्या मानकात इव्हन पॅरिटी हा मूळ पर्याय आहे, पण बाजारातले कित्येक मीटर नो पॅरिटीवर सेट होऊन येतात. नवीन मीटर जोडल्यावर पॅरिटी एरर दिसू लागले तर आधी हेच तपासा.

ओव्हररन मात्र वेगळा. त्याचा अर्थ असा की अक्षर पोर्टपर्यंत नीट पोचलं होतं, पण आतल्या प्रोसेसरने ते वेळेत उचललं नाही आणि मागून आलेल्या अक्षराने त्याची जागा घेतली. वायर निर्दोष आहे. १६५५० जातीच्या चिपमध्ये सोळा बाइटांची रांग असते. ११५२०० बॉडला ती साधारण १.४ मिलिसेकंदात भरते, ९६०० ला सुमारे १७ मिलिसेकंदात. फर्मवेअर तेवढा वेळ दुसऱ्या कामात गुंतलं, समजा लॉग फ्लॅशमध्ये लिहीत बसलं, तर अक्षर हरवतं. फर्मवेअर बदलल्यानंतर ओव्हररन वाढले असतील तर केबल बदलण्यात पैसे घालवू नका.

मॉडबसची उत्तरंही अशीच बोलकी आहेत. पत्ता १ वरचं पहिलं रजिस्टर (मीटरमधला आकड्याचा कप्पा) विचारायला लॅपटॉपवरून ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए हा संदेश पाठवा. उत्तरात ०३ च्या जागी ८३ आलं तर मीटरने विनंती नाकारली आहे. अनेक जण इथे ‘कम्युनिकेशन फेल’ लिहून मोकळे होतात. खरं तर नकार आला याचा अर्थ वायर, बॉड, पॅरिटी, पत्ता, सीआरसी सगळं बरोबर आहे. चुकलाय तो बहुधा रजिस्टरचा नकाशा. इथरनेटच्या बाजूने विचारताना गेटवेकडून ०बी कोड आला तर डबा जिवंत आहे आणि खालचं उपकरण गप्प आहे. ०ए आला तर डब्याला त्या पत्त्याकडे जायची वाट माहीत नाही, म्हणजे कॉन्फिगरेशन.

पायरी ६: पोर्टचा वाटणारा पण कोडचा असलेला दोष

दोन वायरच्या लाइनवर बोलून झालं की कंट्रोलरने आपला ड्रायव्हर सोडायचा असतो. लवकर सोडला तर शेवटचं अक्षर तुटतं, उशिरा सोडला तर उत्तराचं पहिलं अक्षर दबतं. चिपमध्ये ‘रांग रिकामी झाली’ आणि ‘शेवटचा बिट बाहेर पडला’ असे दोन वेगळे इशारे असतात. फर्मवेअरने पहिल्यावर विसंबून ड्रायव्हर सोडला की प्रत्येक संदेशाचं शेपूट कापलं जातं. लक्षण अगदी पोर्ट खराब झाल्यासारखं. ओळखायची खूण म्हणजे लॅपटॉपवर नेहमी शेवटचाच बाइट बिघडलेला दिसतो. गोंगाट इतका शिस्तीचा नसतो.

दुसरी जागा वेळेची. मॉडबस आरटीयूमध्ये (सीरियल लाइनवरच्या मॉडबसमध्ये) दोन संदेशांत साडेतीन अक्षरांची शांतता लागते, ९६०० बॉडला सुमारे ४ मिलिसेकंद. जलद उत्तर देणारा मीटर आणि घाईने पुढचा प्रश्न विचारणारा कंट्रोलर यांची गाठ पडली की संदेश एकमेकांना चिकटतात. पोलिंगमधला विराम २०-३० मिलिसेकंदांनी वाढवून पाहा. लॅपटॉपवर हे मोजताना यूएसबी कन्व्हर्टरचा लेटन्सी टायमर ध्यानात ठेवा. एफटीडीआय चिपचा तो मुळात १६ मिलिसेकंद असतो, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारी फट लाइनवर असेलच असं नाही.

आणि बंद पडलेला मीटर यादीत तसाच ठेवू नका. एक सेकंदाचा टाइमआउट आणि एकूण तीन प्रयत्न असतील तर तो प्रत्येक फेरीत तीन सेकंद खातो. असे चार असले की बारा सेकंद, आणि सगळे म्हणतात कंट्रोलर मंद झालाय.

पायरी ७: फर्मवेअरवर आरोप ठेवण्याआधी

आधी सप्लाय. २४ व्होल्टचा एसएमपीएस जुना झाला की मोटर सुरू होताना त्याचा व्होल्टेज क्षणभर बसतो आणि डबा अर्धवट अवस्थेत अडकतो. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर लावून डब्याच्या टर्मिनलवर एक पूर्ण शिफ्ट ठेवा. अगदी क्षणिक घसरण मल्टिमीटर पकडेलच असं नाही, म्हणून शक्य असेल तर काही दिवस वेगळा सप्लाय जोडून फरक पडतो का ते पाहा.

मग अपटाइम. प्रत्येक वेळी डबा ४९.७ दिवसांच्या आसपास अडकत असेल तर ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा काउंटर भरून पुन्हा शून्यावर येतोय, २४.८ दिवसांनी अडकत असेल तर तोच काउंटर चिन्हासह वापरलाय. दोन-तीन वेळांच्या नोंदी जुळल्या तर याहून भक्कम पुरावा नाही. ठरावीक दिवस नाहीत पण मोकळी रॅम रोज थोडी थोडी घटतेय, तर मेमरी गळती. रीसेटचं कारण ‘वॉचडॉग’ (अडकलेला डबा आपोआप रीसेट करणारा टायमर) दिसत असेल तर कोड अडकला होता हे नक्की, फक्त कशामुळे ते शोधायचं.

शेवटची चाचणी अदलाबदलीची. त्याच मॉडेलचा दुसरा डबा असेल तर त्यात तीच फर्मवेअर आवृत्ती आणि तेच कॉन्फिगरेशन भरून त्याच लाइनला जोडा. दोष त्याच्यातही आला तर डब्याचं हार्डवेअर निर्दोष सुटलं. मग फक्त फर्मवेअरची आवृत्ती बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आवृत्ती, केबल आणि सप्लाय एकदम बदलून दोष गेला तर तो कशाने गेला हे कधीच कळणार नाही.

पायरी ८: फर्मवेअर टाकायचंच ठरलं तर

हार्डवेअरला हात न लावता मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रणाचा कोड) बदलता यावा ही गरज जुनी आहे. आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली ती सिस्टीम/३७० या मोठ्या संगणकांमध्ये मायक्रोकोड भरण्यासाठीच. आज तेच काम ब्राउझरमधून होतं, आणि सोपं झाल्यामुळे निष्काळजीपणे होतं.

रिलीज नोट्स वाचा. तुमच्या दोषाचा उल्लेख त्यात नसेल तर अपडेट करून दोष जाईल ही निव्वळ आशा आहे. हार्डवेअर रिव्हिजन जुळते का पाहा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये फ्लॅश चिप बदललेली असू शकते. फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) उत्पादकाच्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. सध्याच्या आवृत्तीची फाइल हाताशी ठेवा, कारण माघार घ्यायची वेळ आली तर ती शोधत बसायला वेळ नसतो. कॉन्फिगरेशन निर्यात करून शिवाय महत्त्वाच्या पानांचे फोटो घ्या. जुनी आवृत्ती नव्या स्वरूपातली फाइल वाचेल याची खात्री नसते. डबा आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर ठेवा, वाय-फाय न वापरता केबलने जोडा. पावसाळ्यात आभाळ गडगडत असताना हे काम हाती घेऊ नका. गुरुवार यासाठी उत्तम.

अपडेटनंतर आवृत्ती खरंच बदलली का ते बघा, प्रत्येक पोर्टचा बॉड, पॅरिटी आणि टाइमआउट जुन्या फोटोशी ताडा, काउंटर शून्य करा आणि वेळ लिहून ठेवा. दोष पूर्वी दर बारा दिवसांनी येत असेल तर तेरावा दिवस उलटल्याशिवाय ‘बरा झाला’ असं नोंदवहीत लिहू नका.

डबा उठतच नसेल तर

कन्सोल पोर्टला लॅपटॉप लावा, बहुधा ११५२०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप. पॉवर देताच काय येतं ते बघा. अगम्य चिन्हं आली तर बॉड बदलून बघा. रोमन लिपीतला ‘सी’ एकामागून एक येत राहिला तर बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम) जिवंत आहे आणि एक्समोडेम या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने फाइल पाठवायची वाट पाहतोय. उत्पादकाची रिकव्हरी फाइल पाठवा. सुरुवातीच्या ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर प्रत्येक फेरीतली शेवटची ओळ टिपून घ्या, अडखळण्याची जागा त्याच्या लगेच पुढे असते. काहीच आलं नाही आणि सप्लाय बरोबर असेल, तर डबा दुरुस्तीला पाठवावा लागेल. पाठवताना पहिल्या पायरीतला व्हिडिओ, काउंटरचे आकडे, ए-बी चा रेझिस्टन्स, निवांत व्होल्टेज, अपटाइमची नोंद आणि कन्सोलवरच्या ओळी सोबत जोडा. ‘हँग होतो’ एवढीच चिठ्ठी लावलेला डबा तिकडे टेबलवर ठीक चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येतो.